औषधामागचा बुडबुडा

चाळीस वर्षं माझा धंदा एकच, डिझेलच्या नळीतून हवा बाहेर काढायची. तसं पाटीवर ‘पंप व नोझल दुरुस्ती’ लिहिलंय, पण दुरुस्ती कितीही चोख केली तरी नळीत हवा राहिली की इंजिन पकडत नाही. नुसतं खोकत राहतं, आणि मालक आपल्या तोंडाकडे बघत राहतो. मग स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा, आधी फेस येतो, मग डिझेलचा नितळ थेंब येतो, की लगेच स्क्रू आवळायचा. हे काम मी डोळे मिटून करतो. लोक मला नोझलकाका म्हणतात, त्याचा मला राग येत नाही. राग येतो तो माझं काम मलाच कुणी शिकवायला लागलं की. हा स्वभाव चांगला नाही हे मी आता कबूल करतोय. मागच्या वर्षी तुम्ही सांगायला आला असतात तर मी तुम्हाला दुकानाबाहेर काढलं असतं.

माझी बायको शिवणकाम करते. पायांनी चालवायचं जुनं मशीन, पस्तीस वर्षं एकच. मोटर लावून देतो म्हटलं तर म्हणते, मग माझे पाय काय करतील? गल्लीतल्या तीन पिढ्यांची मापं तिच्या वह्यांत आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. कोणाची कंबर कधी सुटली, कोणाचे खांदे कधी उतरले, सगळं तिथे पेन्सिलीने लिहिलेलं. तिचं स्वतःचं पान मात्र कुठल्याच वहीत नव्हतं.

पाळी थांबून नऊ वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त दिसलं. आठवडाभर ती मला काहीच बोलली नाही. मग दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीला फोनवर बोलली, आणि लेकीने मलाच झापलं, की बाबा, तुमचं घरात लक्ष असतं की नाही. तपासण्या झाल्या. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. इंजिनाचा आवाज लांबून ऐकून त्याचा आजार सांगणारा मी, आणि घरातलं माणूस आठवडाभर गप्प होतं ते मला ऐकू आलं नव्हतं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गर्भाशय, अंडाशय, आजूबाजूच्या गाठी, जे काढायचं ते सगळं निघालं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी पुढचं सांगितलं. कॅन्सर झालेल्या माणसाचं रक्त मुळातच लवकर गोठायला बघतं. त्यात ओटीपोटातलं मोठं ऑपरेशन, त्यात पडून राहणं. अशा वेळी पायाच्या नसेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून वर गेली तर फुफ्फुसात जाऊन अडकते. अडकली तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तर कधी कधी आम्हाला काही करायला वेळच मिळत नाही. म्हणून पोटाच्या कातडीखाली रोज एक इंजेक्शन द्यायचं, अठ्ठावीस दिवस, एकही न चुकवता.

“ऑपरेशन माझं होतं, काका, ते मी केलं,” त्या म्हणाल्या. “हे अठ्ठावीस दिवस तुमचे.”

वॉर्डात बायकोच्या दोन्ही पोटऱ्यांना पट्टे गुंडाळले होते आणि पलंगाच्या पायथ्याशी एक छोटं यंत्र टांगलं होतं. ते डावा पट्टा फुगवायचं, सोडायचं, मग उजवा फुगवायचं. मी घड्याळ काढून मोजत बसलो. बायको गुंगीत होती, पण यंत्र मात्र इमानेइतबारे आपलं काम करत होतं. पट्टा फुगला की काय होतं, हे मी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, पायातलं रक्त वर ढकलतो.

मी पंपवाला माणूस. साठ वर्षं दोन पायांवर उभा आहे. पण पायात उतरलेलं रक्त परत वर कोण चढवतं, हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, पोटरी चढवते. चालताना पोटरीचा स्नायू आतल्या नसा पिळतो आणि रक्त वर सरकतं. मग ते पुन्हा खाली का येत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, नसांच्या आत झडपा असतात. वर जाताना उघडतात, परत यायला लागलं की मिटतात.

म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. असे व्हॉल्व्ह मी हजारो हाताळलेत. स्प्रिंग बसते, सीट झिजते, कचरा अडकतो, दोन-चार वर्षांत बदलावे लागतात. आणि हे माणसाच्या पायात, कागदाहून पातळ, ना स्प्रिंग ना पॅकिंग, साठ साठ वर्षं कुणी उघडूनही बघितलेले नाहीत. मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःची पोटरी दाबून बघितली. सिस्टर हसल्या आणि दुसऱ्या पलंगाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला पावलांचा व्यायाम दाखवला, टाच जागेवर ठेवून पाऊल पुढे, पाऊल मागे, तासातासाला. बायको म्हणाली, “हे मला काय शिकवता, हे तर मी पस्तीस वर्षं करतेय.” आणि चादरीखाली तिचे पाय मशीन चालवायला लागले. तोच ठेका, तेच मध्येच थांबून दोरा बघितल्यासारखं करणं. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी विचारलं, काय शिवताय? ही म्हणाली, अजून कापड आलं नाही, नुसतं तेल घालून फिरवून बघतेय. टाके दुखत असतानाही दोघी हसल्या. मी हसलो नाही. इतकी वर्षं त्या मशीनच्या खडखडाटाबद्दल मी कुरकुर करत होतो, आणि तेवढा सगळा वेळ तिच्या पोटऱ्या रक्त वर चढवत होत्या. मी तिच्या पायांकडे बघत राहिलो.

घरी जायच्या दिवशी सिस्टरनी मला इंजेक्शन शिकवलं. चार वॉर्डात झाली होती, चोवीस माझ्या हवाली. काचेची एवढीशी सिरिंज, औषध आधीच भरलेलं. मी ती उजेडात धरली. केसासारखी सुई, आणि तिला आतून आरपार भोक. माझ्या नोझल तपासायच्या स्टँडवर असलं काम आलं असतं तर मी आधी हात जोडले असते. सिस्टर सांगत होत्या, बेंबीपासून चार बोटं सोडून, टाक्यांपासून लांब, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध हळू ढकलायचं, नंतर चोळायचं नाही. मी मान डोलवत होतो, पण डोळे सुईवरच होते.

“आणि हे बघा, आत हवेचा एक बुडबुडा दिसेल. त्याचं काय करायचं—”

“हवेचं मला सांगू नका,” मी म्हणालो. “चाळीस वर्षं मी हवेचंच बघतोय.”

त्या पुढे काही बोलणार होत्या, पण पलीकडून कुणीतरी हाक मारली. जाता जाता त्यांनी माझ्या हातात छापील कागद दिला आणि नीट वाचा म्हणाल्या. मी त्याची घडी करून खिशात घातली. कागद वाचून काम करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही. घरी आल्यावर तो कागद मशीनच्या खणात गेला, आणि बायकोने तिचा बटणांचा डबा रिकामा करून, धुऊन पुसून, त्यात चोवीस सिरिंजा रांगेत लावल्या.

पहिल्या सकाळी नऊ वाजता मी हात कोपरापर्यंत धुतले. सिरिंज उभी धरली, सुई वर. टिचकी मारली, बुडबुडा सुईच्या तोंडाशी आला. मग दट्ट्या जरासा दाबला. बुडबुडा गेला आणि सुईच्या टोकावर एक नितळ थेंब चमकला. माझं समाधान झालं. बायको पलंगावर टेकून बघत होती.

“झाली हवा काढून?” ती म्हणाली. “मी काय ट्रॅक्टर आहे?”

मी म्हटलं, ट्रॅक्टर असतीस तर एवढी बडबड केली नसतीस. सुई गेली, तिला कळलंही नाही. म्हणाली, सिस्टरपेक्षा तुमचा हात हलका आहे. मला आणखी काय हवं होतं? दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला इंजेक्शन कसं द्यायचं यावर दहा मिनिटं ऐकवलं. तिने कौतुक केलं, ते मी पुन्हा बायकोला जाऊन सांगितलं.

बायकोनेही त्याच दिवशी एक काम सुरू केलं. पाय सुजतो का बघा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ती म्हणाली, बघून काय कळणार, माप घेतल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही. तिने नवी वही काढली, पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं, आणि टेप पोटरीभोवती टेकवून आकडे मांडले. डावी सव्वातेरा इंच, उजवी सव्वातेरा इंच. रोज सकाळी इंजेक्शन झालं की माप. मी चिडवायचो, की कुठला पायजमा शिवतेयस एवढा मापून. ती पेन्सिल कानावर ठेवायची आणि मला चहा टाकायला पाठवायची.

असे दहा दिवस गेले. रोज टिचकी, रोज थेंब. तो थेंब सुईवरून ओघळून खाली अंथरलेल्या पांढऱ्या टॉवेलवर पडायचा आणि वाळायचा. पोटावर ठिकठिकाणी निळे डाग उमटले होते, पण तसे उमटतातच, असं सिस्टरनी सांगितलं होतं.

दहावं इंजेक्शन झालं त्या सकाळी बायकोला जरा बरं वाटत होतं. बसून काहीतरी करावंसं वाटत होतं. नातीच्या फ्रॉकची कॉलर कापावी म्हणून ती नमुना कापायला जाडसर कागद शोधत होती. मशीनच्या खणात तिला सिस्टरनी दिलेला कागद मिळाला. ती कात्री लावण्याआधी प्रत्येक कागद वाचते. एकदा तिने माझं विम्याचं पत्र कापलं होतं, तेव्हापासूनची सवय. मी मोरीत हात धूत होतो.

“अहो, जरा इकडे या,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी हात पुसत सावकाश गेलो.

तिने चष्मा सरळ केला आणि वाचून दाखवलं. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकू नये. काढताना औषध वाया जाते. सुई खाली ठेवावी, म्हणजे बुडबुडा वर, दट्ट्याकडे राहील.

मी म्हणालो, छापण्यात चूक झाली असेल. तिने टॉवेल उचलून उजेडात धरला. त्यावर वाळलेल्या थेंबांचे बारीक गोल डाग होते, एकाशेजारी एक. ते तिने मोजले. चौदा भरले, कारण काही दिवशी मी दोन थेंब काढले होते, खात्रीसाठी.

मी वॉर्डात फोन लावला. मोठ्या सिस्टरच होत्या. मला त्यांना चूक ठरवायचं होतं, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, काका, तो बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो. औषध पुढे जातं, बुडबुडा त्याच्या मागे. सुईत उरलेलं शेवटचं औषधही तो आत ढकलतो. कातडीखाली एवढीशी हवा गेली तर काही बिघडत नाही. मग त्यांनी विचारलं, की पाय कसा आहे, सूज, दुखणं, दम लागतोय का?

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “वही द्या.” मग म्हणाली, काल डावी पावणेचौदा भरली होती. टेप सरकली असेल असं वाटलं, म्हणून बोलले नाही. सकाळपासून पोटरी ओढल्यासारखी वाटतेय, पण आज माप घ्यायचं राहिलंय.

मी खाली बसलो आणि टेप घेतली. “ओढू नका,” ती वरून म्हणाली, “नुसती टेकवा. गुडघ्याच्या खाली चार बोटं.” मी टेकवली. साडेचौदा. पुन्हा घेतली, साडेचौदा. उजवी घेतली, सव्वातेरा. फोन तसाच चालू होता. मी आकडे सांगितले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, लगेच निघा. पाय चोळू नका, दाबू नका, वाटेत दम लागला तर सरळ इमर्जन्सीत जा.

दुकानाची व्हॅन मी अशी हळू कधी चालवली नव्हती. खड्डा दिसला की मला वाटायचं, धक्क्याने ती गुठळी सुटेल आणि वर जाईल. प्रत्येक सिग्नलला मी तिला विचारत होतो, श्वास नीट येतोय ना? चौथ्या वेळी ती म्हणाली, “येतोय. तुम्ही घ्या आधी.” तेव्हा मला कळलं, की मी श्वास रोखून गाडी चालवतोय.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधूक उजेड होता आणि गारठा होता. तपासणाऱ्या बाई स्वेटर घालून बसल्या होत्या, कमी बोलणाऱ्या. मला कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. बायकोच्या मांडीवर त्यांनी चिकट जेल लावलं आणि आधी उजवा पाय घेतला. पडद्यावर राखाडी धुरळा होता, त्यात दोन काळे गोल. त्यांनी सांगितलं, एक धमनी, एक नस. वरून दाबलं की नस मिटली पाहिजे. मिटली म्हणजे आतून मोकळी. आत गुठळी असली तर मिटत नाही.

त्यांनी दाबलं. दोनातला एक गोल झटकन मिटला, डोळा मिचकावल्यासारखा. सोडलं, पुन्हा उघडला. बोटभर खाली सरकून पुन्हा दाबलं, पुन्हा मिटला. मांडी, गुडघा, पोटरी, अख्खा पाय असा मिचकावत गेला. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला.

तो आवाज कसा सांगू? नोझल चांगलं असलं की स्टँडवर एका सुरात बोलतं, तो आवाज मी लाखांतून ओळखतो. हा त्याहून मऊ होता, लाटेसारखा, तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारा. बाईंनी तिची उजवी पोटरी हाताने हलकेच पिळली, आणि एक मोठा झोत वर गेला. पोटरी सोडली, आवाज एकदम थांबला. त्या थांबण्यात मला झडपा मिटलेल्या ऐकू आल्या. जिच्याशेजारी मी पस्तीस वर्षं झोपलो, तिच्या आतलं चालू काम मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी स्टुलावरून कधी उठून उभा राहिलो ते मला कळलं नाही. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी एवढा आनंद होत होता, की मला स्वतःची लाज वाटली.

मग त्यांनी आवाज बंद केला आणि डावा पाय घेतला. हा पाय त्यांनी पिळला नाही. जांघ मिटली. मांडी मिटली. गुडघ्याच्या मागे मिटली. मी प्रत्येक वेळी मनात मोजत होतो. पोटरीत अर्ध्यावर आल्या, आणि एक लहान गोल मिटला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. तो तसाच, फुगलेला, उघडा. मला काही सांगायची गरज नव्हती. अडकलेला व्हॉल्व्ह मला कळतो.

छातीचीही तपासणी झाली. फुफ्फुसं साफ निघाली. तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, गुठळी लहान आहे, गुडघ्याच्या खाली आहे, वर सरकलेली नाही. आता इंजेक्शनचा डोस वाढवायचा. दिवसातून दोनदा, निदान तीन महिने. औषध तिला वाढू देणार नाही, आणि शरीर हळूहळू ती विरघळवेल.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टिचकी, थेंब, चौदा डाग, खणातला कागद. सिस्टरना मी बोलू दिलं नाही, हेही सांगितलं. आयुष्यात गिऱ्हाइकासमोर मी कधी माझी चूक अशी मांडली नव्हती. त्यांनी मध्ये थांबवलं नाही.

“थेंबांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पूर्ण डोस घेऊनही काही जणींना होतं. थेंबांचा काही संबंध नाही, असंही म्हणणार नाही. मला माहीत नाही, काका. पण एक माहीत आहे. नुसत्या डोळ्यांनी बघत बसला असतात तर अजून दोन-तीन दिवस कुणाला कळलं नसतं, आणि तोवर ती गुठळी कुठे पोचली असती कुणास ठाऊक. तिला टेपने पकडलं.”

मी मान हलवली. मग म्हणालो, की आता इंजेक्शन मी देणार नाही. घरी यायला एखाद्या सिस्टर मिळाल्या तर बघा, नाहीतर मी रोज दोनदा हिला इथे घेऊन येईन. माझ्या हाताचा मला भरवसा नाही. ज्या हातांवर चाळीस वर्षं घर चाललं ते मला कुठेतरी लपवून ठेवावेसे वाटत होते.

डॉक्टरीणबाई काही बोलणार, तेवढ्यात बायको उशीवरून उठून बसली.

“लग्नाआधी, शिकत होते तेव्हा, मी एका माणसाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या,” ती म्हणाली. “त्याचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. मी रडले, आणि आईला म्हटलं, आता मशीन विकून टाक. ती म्हणाली, आधी एक बाही उसव. मी उसवली आणि लावली.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मला दुसऱ्या कुणाचा हात नको. तुम्हाला कळलंय ना काय चुकलं? मग तुम्हीच द्या.”

संध्याकाळचं इंजेक्शन तिथेच वॉर्डात द्यायचं होतं. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. या वेळी मी त्यांना म्हणालो, की सुरुवातीपासून सांगा, आणि मी मध्ये बोललो तर गप्प करा. त्यांनी सांगितलं. मी एकेक गोष्ट मोठ्याने परत म्हटली, बायको ऐकत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती.

मी सिरिंज सुई खाली करून धरली. टिचकी मारली नाही. तो बुडबुडा सावकाश वर चढला आणि दट्ट्याला जाऊन टेकला. वाटाण्याएवढाही नव्हता. माझ्या बोटांना त्याला बाहेर काढायची इतकी सवय, की अंगठा दट्ट्यावर तसाच थबकला. मग मी कातडीची घडी धरली, सुई सरळ आत घातली आणि ढकलायला लागलो. औषध खाली सरकत गेलं, आणि त्याच्या मागोमाग तो बुडबुडा, गोल, स्वच्छ, न फुटता. शेवटचा थेंबही त्याने पुढे लोटला. ज्या हवेला मी आयुष्यभर हाकलत आलो ती इथे पाठीशी उभी राहून काम पुरं करत होती. कुठल्या तरी माणसाने एवढासा बुडबुडा मोजून तिथे ठेवला होता, आणि मी त्याला रोज शहाणपणाने बाहेर काढत होतो. सुई काढली तेव्हा माझी मान आपोआप खाली गेली. सिस्टरनी टॉवेल उचलून दाखवला. कोरडा होता.

घरी आल्यावर मशीनच्या खणातला कागद मी भिंतीला चिकटवला. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा आधी तो वाचायचो, मगच डबा उघडायचो. वहीतले आकडे खाली येत गेले, सव्वाचौदा, चौदा, मध्ये आठ दिवस चौदावरच अडून बसले, तेव्हा माझं जेवण तुटलं. मग पावणेचौदा, साडेतेरा. ती पुन्हा मशीनवर बसायला लागली, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. तिची मशीनवर बसायची वेळ झाली की मी दुकानातून फोन करून खडखडाट ऐकायचो. ती म्हणायची, बिल वाढेल, ठेवा. मी म्हणायचो, चालव, चालव.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच थंड खोलीत गेलो. त्याच स्वेटरवाल्या बाई, तेच स्टूल. वहीत त्या सकाळचं माप होतं, डावी सव्वातेरा, उजवी सव्वातेरा, पण मापाने आतलं कळत नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. बायको छताकडे बघत पडून होती. तिने माझं बोट धरलं होतं, आणि तिचा हात गार पडला होता. जांघ मिटली. मांडी मिटली. गुडघ्याच्या मागे मिटली. बाई पोटरीवर आल्या, त्याच जागी थांबल्या, आणि दाबलं.

तो लहान गोल मिटला.

मी नुसती मान हलवली. बायकोला पडदा दिसत नव्हता. तिने विचारलं, काय झालं? बाईंनी सांगितलं, मोकळी आहे, मिटतेय.

“पुन्हा दाबा,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दाबलं. मिटली. सोडलं, उघडली. मी आणखी एकदा म्हणालो, त्यांनी आणखी एकदा दाबलं. तेवढ्याशा काळ्या गोलातून तिचं रक्त वर चाललं होतं, न दिसणाऱ्या झडपा उघडत, मिटत, कुणाला न विचारता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचं सुचत नव्हतं. तिसऱ्यांदा मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने माझं बोट दाबलं.

“अहो, पुरे आता,” ती म्हणाली. “पाय माझा आहे. मला तो घरी न्यायचाय.”